आधी पुरळ आलं होतं

१९७४ साल संपत आलं होतं, तेव्हा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा लेख छापून आला. फेलिक्स, आइव्ह आणि डाल ही लेखकांची नावं. विषय वरवर पाहता किरकोळच होता: काही रुग्णांच्या अंगावर उठलेलं पुरळ. कोणाच्या अंगावर सोरायसिससारखे खवले धरलेले चट्टे, कोणाचे तळहात आणि तळपाय जाड झालेले. काहींचे डोळेही लाल आणि कोरडे झालेले. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती आणि तिचा कातडीशी वरकरणी काही संबंध नव्हता. सगळेजण हृदयासाठी प्रॅक्टोलॉल नावाची एकच गोळी घेत होते.

ही गोळी तोवर ब्रिटनमध्ये चार वर्षं विकली जात होती. म्हणजे चार वर्षं लोकांच्या अंगावर काहीतरी लिहिलं जात होतं आणि ते वाचायला इतका वेळ लागला. का लागला, हाच या लेखाचा विषय. कारण त्या उशिराची किंमत काही माणसांनी डोळे देऊन चुकवली, काहींनी जीव देऊन.

पण आधी थोडं मागे जाऊ. आज बीपीची गोळी ही घराघरातली गोष्ट आहे. १९५० च्या आसपास तसं नव्हतं. खूप वाढलेल्या रक्तदाबावर तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं: मीठ जवळपास बंद करायचं, पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापण्याचं अवघड ऑपरेशन करायचं किंवा वाट बघायची. अशा काळात सीबा कंपनीचं हायड्रॅलझिन आलं. रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध तोंडाने घेता येत होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्व्हाइन पेज, हॅरिएट डस्टन आणि त्यांचे सहकारी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर उपचार करत होते, त्यांनी ते वापरायला घेतलं.

काही महिन्यांनी त्यांच्याच काही रुग्णांना ताप येऊ लागला, सांधे धरले, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. चित्र 'ल्युपस'सारखं होतं. ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते तो आजार. १९५४ मध्ये डस्टन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. औषध बंद केलं की बहुतेकांची लक्षणं ओसरत होती, त्यामुळे कारण कोणतं याबद्दल फारशी शंका उरली नाही. पुढे १९७० मध्ये आणखी एक धागा सापडला. काहींचं शरीर हे औषध जन्मतःच सावकाश निकामी करतं, तो गुण आईवडिलांकडून येतो आणि असा त्रास मुख्यतः अशांनाच होतो. मोठ्या डोसवर धोका जास्त, हेही कळलं. डोस आवरला, रुग्णांवर लक्ष ठेवलं आणि औषध टिकलं. गरोदरपणात बीपी धोकादायकरीत्या वाढलं तर आजही हायड्रॅलझिनचं इंजेक्शन वापरतात.

इथे एक तपशील लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. क्लीव्हलँडमध्ये औषध देणारे डॉक्टर आणि पुरळ पाहणारे डॉक्टर एकच होते. तोच रुग्ण, तेच दवाखान्याचे कागद, महिनोन्‌महिने. म्हणून दुवा लवकर जुळला.

आता ब्रिटनकडे वळू. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक हा स्कॉटिश शास्त्रज्ञ आयसीआय या कंपनीत काम करत होता. त्याची कल्पना साधी पण उलट्या बाजूने जाणारी होती. अंजायनाच्या रुग्णाच्या हृदयाला रक्त कमी पडतं, तर रक्त वाढवण्याऐवजी हृदयाची मागणीच कमी करूया. ॲड्रिनलिन हृदयातल्या ज्या 'बीटा' जागांना लागून त्याला पळवतं, त्या जागाच अडवायच्या. त्यातून प्रोप्रॅनोलॉल आलं. या कामाचा १९८८ च्या नोबेल पारितोषिकात मोठा वाटा होता.

प्रोप्रॅनोलॉलमध्ये एक अडचण होती. बीटा जागा फुप्फुसांतही असतात. त्या अडवल्या तर दम्याच्या रुग्णाच्या श्वासनळ्या आवळतात. म्हणजे ज्याला अंजायना आणि दमा दोन्ही आहेत, त्याच्यासाठी हे औषध धोक्याचं. त्यामुळे मुख्यतः हृदयावरच काम करेल असा बीटा-ब्लॉकर हवा होता. आयसीआयने तो शोधला: प्रॅक्टोलॉल. १९७० मध्ये 'एराल्डिन' या नावाने तो ब्रिटनमध्ये बाजारात आला. डॉक्टरांना तो आवडला, आणि त्याला कारण होतं. तो उपयोगी होता. प्राण्यांवरच्या चाचण्यांत काही वावगं दिसलं नव्हतं. पुढे सगळं उघडकीस आल्यावरही प्राण्यांमध्ये तो त्रास घडवून दाखवणं जमलं नाही. तेव्हा चाचण्या कोणी नीट केल्या नाहीत म्हणून हे झालं, असं म्हणून ही गोष्ट मिटत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखानंतर बाकीचे तुकडे भराभर समोर आले. १९७४ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रॅक्टोलॉल घेणाऱ्यांच्या पोटातल्या एका विचित्र आजाराचं वर्णन आलं. आतड्यांभोवतीचं आवरण जाड, चिवट होऊन आतडी आवळली जात होती. मार्च १९७५ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातले पीटर राइट यांनी सत्तावीस रुग्णांची हकिगत मांडली. त्यांचे डोळे कोरडे पडले होते, पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण धरत होते, काहींच्या बुबुळाला इजा होऊन दृष्टी गेली होती. बहुतेकांना पुरळही होतं. कोणाच्या नाकातोंडात जखमा, कोणाला कमी ऐकू येत होतं. राइट यांनी या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं: डोळे, अंतस्त्वचा आणि त्वचा या तिन्हींना ग्रासणारा एकच विकार.

औषध थांबवल्यावर पुरळ सहसा जात होतं. डोळ्यांचं नुकसान मात्र राहायचं. पोटाचा आजार तर गोळी बंद करून बरेच महिने झाल्यावरही डोकं वर काढायचा, आणि त्यात माणसं दगावली. १९७५ मध्ये प्रॅक्टोलॉलचा सर्वसाधारण वापर थांबवला गेला आणि लवकरच गोळ्या पूर्ण बंद झाल्या. रुग्णालयात आणीबाणीच्या वेळी द्यायचं इंजेक्शन तेवढं काही काळ राहिलं. कंपनीने बाधितांना भरपाई दिली. अमेरिकेत हे औषध मंजूरच झालं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. चार वर्षं का लागली?

पहिलं कारण हे की पुरळ ओळखीचं दिसत होतं. सोरायसिस हा काही दुर्मिळ आजार नाही. उतारवयात डोळे कोरडे होतात, हेही सगळ्यांना माहीत असतं. एखादं औषध कोणी कधी न पाहिलेला आजार घडवतं, तेव्हा संशय लवकर येतो. थॅलिडोमाइडमुळे हातापायांची वाढ खुंटलेली मुलं जन्माला आली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं कारण एरवी असं क्वचितच दिसायचं. नेहमीच्या आजाराचा वेश घेऊन आलेला दुष्परिणाम गर्दीत मिसळून जातो.

दुसरं कारण वेळेचं. गोळी घेतली आणि तासाभरात अंगावर पित्त उठलं, तर कारण लहान मूलही सांगेल. प्रॅक्टोलॉलचा त्रास बऱ्याचदा कित्येक महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी सुरू व्हायचा. तोवर ती गोळी सकाळच्या चहासारखी सवयीची झालेली. सवयीच्या गोष्टीवर कोण संशय घेतो?

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पुरळ त्वचेच्या डॉक्टरकडे गेलं, डोळा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पोट सर्जनकडे आणि गोळी लिहून देत होता हृदयाचा डॉक्टर. आपापल्या टेबलावर प्रत्येकाने आपलं काम बरोबर केलं होतं. पण एकाच माणसाचे चार तुकडे चार खोल्यांत पडले होते आणि ते एका जागी आणून बघणं हे कोणाचंच काम नव्हतं. क्लीव्हलँडशी तुलना करा, फरक लगेच कळेल.

ब्रिटनमध्ये तेव्हा दुष्परिणाम कळवण्याची व्यवस्था नव्हती असंही नाही. थॅलिडोमाइडच्या धक्क्यानंतर १९६४ मध्ये 'पिवळं कार्ड' योजना सुरू झाली होती. डॉक्टरला एखाद्या औषधाचा संशय आला तर त्याने पिवळं कार्ड भरून सरकारी समितीकडे पाठवायचं. प्रॅक्टोलॉलच्या डोळ्यांवरच्या परिणामाबद्दल लेख छापून येण्याआधी अशी कार्डं जेमतेम आली होती. लेख आल्यावर मात्र शेकड्यांनी आली, आणि त्यांतली बरीचशी जुन्या रुग्णांची होती. म्हणजे रुग्ण आधीपासून होते. डॉक्टरांनी त्यांना पाहिलंही होतं. पण कार्ड भरायला आधी संशय यायला हवा, आणि संशय यायला आधी कोणीतरी तो बोलून दाखवायला हवा होता.

ही योजना उभी करणाऱ्यांपैकी बिल इनमन या डॉक्टरने यावरून धडा घेतला. १९८० च्या सुमारास साउदॅम्प्टनमध्ये त्याने वेगळी पद्धत सुरू केली. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पैशांच्या हिशेबासाठी एका सरकारी कार्यालयात जमा व्हायच्या. त्यांवरून नवं औषध कोणाला दिलं गेलं ते कळायचं. मग त्या रुग्णांच्या डॉक्टरांना एक हिरवा फॉर्म जायचा. 'या औषधाने काही त्रास झाला का?' असं त्यात विचारलेलं नसे. 'औषध सुरू केल्यानंतर या माणसाच्या बाबतीत काय काय घडलं?' एवढंच विचारलेलं असे. पाय मोडला असेल तर तेही लिहा. कारण शोधायचं काम आमचं.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून हा फरक मला लगेच भिडला. ॲपमधली गडबड आम्हाला दोन वाटांनी कळते. एक म्हणजे युजरची तक्रार. पण तक्रार करायला युजरला आधी वाटलं पाहिजे की दोष ॲपचा आहे, त्याच्या फोनचा किंवा नेटवर्कचा नाही. दुसरी वाट लॉगची. तिथे मशीन काही मत न देता घडलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवतं आणि मग हजारो नोंदी एकत्र ठेवल्या की आकृती दिसते. पिवळं कार्ड म्हणजे तक्रार. हिरवा फॉर्म म्हणजे लॉग. दोन्ही लागतात, पण प्रॅक्टोलॉलसारखी गोष्ट पकडायला दुसरी वाट लागते.

प्रॅक्टोलॉल गेलं म्हणून बीटा-ब्लॉकर गेले नाहीत. १९७६ मध्ये त्याच कंपनीचं ॲटेनोलॉल आलं. तेही मुख्यतः हृदयावर काम करणारं, पण रेणूची रचना वेगळी. त्याने प्रॅक्टोलॉलसारखा उत्पात केला नाही. आधीपासून असलेला सोरायसिस बीटा-ब्लॉकरमुळे बळावू शकतो, एवढी नोंद मात्र पुस्तकांत राहिली.

पुढची गोष्ट ब्राझीलमधल्या सापाची आहे. जराराका हा तिथला विषारी साप. त्याचं विष वापरून केलेल्या प्रयोगांतून १९४९ मध्ये रोचा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना ब्रॅडीकायनिन सापडलं, रक्तवाहिन्या सैल करणारं शरीरातलंच एक द्रव्य. पुढे सर्जियो फेरेरा यांनी त्याच विषात ब्रॅडीकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक शोधले. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

कॅप्टोप्रिलनेही सुरुवातीला अंगावर पुरळ आणलं. काहींच्या जिभेची चव गेली. काहींच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. पण आता डॉक्टर सावध होते आणि या खुणा वेळेत टिपल्या गेल्या. पेनिसिलमिन नावाच्या औषधानेही असंच व्हायचं, आणि दोन्हींच्या रेणूंत गंधकाचा एकसारखा गट होता. मर्क कंपनीने तो गट वगळून एनलाप्रिल बनवलं. कॅप्टोप्रिलचे सुरुवातीचे डोसही फार मोठे होते, हे कळल्यावर ते कमी झाले. पुरळाने इथे रसायनशास्त्रज्ञाला दिशा दाखवली.

एक त्रास मात्र या कुळातून गेला नाही, कारण तो औषधाच्या मूळ कामातूनच येतो. ही औषधं ब्रॅडीकायनिन मोडू देत नाहीत. ते साचलं की काहींना कोरडा खोकला लागतो, आणि अगदी थोड्या लोकांचे ओठ, जीभ, चेहरा अचानक सुजतात. हे पहिल्या आठवड्यात होऊ शकतं, तसंच अनेक वर्षं गोळी बिनतक्रार घेतल्यावरही. घसा सुजला तर श्वास अडतो. रॅमिप्रिल, एनलाप्रिल अशा 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी हे एक वाक्य लक्षात ठेवावं: ओठ-जीभ सुजली तर तडक हॉस्पिटल.

त्वचेवरचा परिणाम दरवेळी वाईटच असतो असंही नाही. केसांसाठी तुमच्यापैकी काहीजण मिनॉक्सिडिल लावत असतील. ते मुळात हट्टी बीपीवरचं औषध आहे. गोळी घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले, कोणीतरी ते टिपलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलावर लावायचं मिनॉक्सिडिल मंजूर झालं.

इतक्या वर्षांनी चित्र किती बदललं? डेन्मार्कचं उदाहरण घेऊ. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची आणि कॅन्सरची नोंद त्याच क्रमांकावर होते. त्या दोन नोंदवह्या एकमेकींना जोडून तिथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी बीपीची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास चौपट आहे. दीर्घकाळ म्हणजे आयुष्यभरात एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा जास्त, म्हणजे रोज २५ मिलिग्रॅम घेतली तर साधारण साडेपाच वर्षं. हे गोऱ्या कातडीच्या लोकांमधलं निरीक्षण आहे. आपल्याकडे असा कॅन्सर मुळातच कमी दिसतो, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. ती गोळी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. एवढी वर्षं जो संबंध ठळकपणे दिसला नव्हता, तो दोन वह्या शेजारी ठेवल्यावर दिसला.

आपल्याकडे त्या वह्या शेजारी ठेवणारं बहुतेक कोणी नसतं. माझ्या बाबांच्या दोन फायली आहेत. एक हृदयाच्या डॉक्टरांची, जाड, प्लास्टिकची, एक्स-रेसकट. दुसरी स्किनच्या डॉक्टरांची, म्हणजे घडी घातलेले तीन कागद. दुसऱ्या दवाखान्यात जाताना पहिली फाईल घरीच राहते, कारण 'खाज तर सुटलीये, त्यात हार्टचं काय?' असं बाबांना वाटतं. ब्रिटनमधल्या त्या रुग्णांनाही असंच वाटलं असणार.

त्यात आपल्या कातडीचा रंगही आडवा येतो. इंग्रजी पुस्तकांत पुरळ 'लाल' असतं. सावळ्या-काळ्या कातडीवर ते जांभळट, करडं किंवा नुसतंच काळपट दिसतं, आणि 'उन्हाने झालं असेल' म्हणून सोडून दिलं जातं.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. नोंद फक्त डॉक्टरांनीच करायची असं नाही. रुग्णासाठी वेगळा फॉर्म आहे, तो मराठीतही मिळतो, आणि १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. गोळीमुळेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. काय घेतलं, केव्हापासून, आणि काय दिसलं, एवढं सांगायचं.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवले तर छातीत दुखणं उसळू शकतं, अगदी हार्ट ॲटॅकही येऊ शकतो. या गोळ्यांनी वाचवलेल्या माणसांची संख्या त्यांनी त्रास दिलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. डॉक्टरांना विचारून पर्याय बहुतेक वेळा मिळतो. तोंडात फोड, तापासोबत पुरळ, सोलवटणारी कातडी किंवा सुजलेले ओठ असतील तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

घरात कोणी बीपीची किंवा हृदयाची गोळी घेत असेल, तर आज एक छोटं काम करता येईल. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढा, प्रत्येक गोळी कधी सुरू झाली तो महिना खाली लिहा, आणि तो अल्बम त्यांच्याच फोनमध्ये ठेवा. मग डॉक्टर डोळ्यांचे असोत, कातडीचे असोत की पोटाचे, आधी तो दाखवायचा आणि नंतर दुखणं सांगायचं.